राहत्या घराचा पत्ता

१४ एप्रिल, मंगळवार

हाफनरबाई म्हणाल्या, सह्या गोळा करणाऱ्याने रोजची नोंद ठेवावी. कुठे उभा होतो, किती वेळ, किती सह्या झाल्या. उद्या कोणी वाद घातला तर आपल्याकडे लिहिलेलं असावं. म्हणून ही वही आणली, रेघांची.

ठिकाण: किराणा दुकानाबाहेर, बर्फाच्या पेटीशेजारी. वेळ: साडेचार ते सहा. सह्या: तीन. त्यांतली एक हाफनरबाईंची.

एवढंच लिहायचं होतं, पण पान बरंच उरलं आहे, म्हणून बाकीचंही लिहितो. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर एक प्रश्न यावा अशी आमची खटपट आहे: डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर रोग्याला गांजा घेऊ द्यावा की नाही. प्रश्न मतपत्रिकेवर यायचा तर आधी राज्यभरातून सह्या लागतात, आणि त्या बऱ्याच जिल्ह्यांतून ठरलेल्या संख्येने याव्या लागतात. शहरातल्याच सगळ्या चालत नाहीत. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला दोनशे बारा आल्या आहेत. ह्या सगळ्या जिल्ह्यात बारा म्हशींइतकी माणसं नाहीत, असं आई म्हणते. आमच्याकडे म्हशी नाहीत, पण रानगवे आहेत, तिला तेच म्हणायचं असावं.

आईला मज्जातंतूंचा आजार आहे. पाय आखडतात, हात थरथरतात. शहरातले डॉक्टर मागच्या हिवाळ्यात म्हणाले, "नदीपलीकडे राहत असतात तर एक गोष्ट लिहून दिली असती." नदी, म्हणजे आमच्या राज्याची हद्द, गावापासून चाळीस मैल आहे. मी ह्या कामात आलो तो ह्या एका वाक्यामुळे.

हाफनरबाई सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. मी अकरावीत शाळा सोडली, तेव्हा आईला उचलून उठवाय-बसवायला घरी कोणीतरी हवं होतं. सगळ्यांनी कारण विचारलं होतं. बाईंनी नुसता एक डबा भरून दिला होता.

१९ एप्रिल, रविवार

ठिकाण: चर्चसमोरचा रस्ता (आवारात परवानगी नाही). वेळ: अकरा ते साडेबारा. सह्या: नऊ.

एका गृहस्थांनी विचारलं की हे राज्याचं आहे की केंद्राचं. विचारून सांगतो म्हणालो. नंतर बाईंना विचारलं. त्यांनी गाडीच्या धुळकट बॉनेटवर बोटाने दोन चौकोन काढले, एकात एक.

"हा आतला राज्याचा. हा बाहेरचा केंद्राचा. आपण आतल्यातला कायदा बदलतोय."

"आणि बाहेरच्यातला?"

"तो आहे तसाच."

"मग होणार की नाही कायदेशीर?"

"आतल्यात होणार."

"पण आई तर दोन्हींत राहते."

बाईंनी बाहीने बॉनेट पुसलं. "तू शाळा सोडायला नको होतीस, ऑरिन," म्हणाल्या. रागावल्या होत्या की नाही ते कळलं नाही.

घरी आल्यावर वहीत तेच दोन चौकोन पट्टीने काढले. पट्टीनेसुद्धा नीट समजत नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

आज सह्या नाहीत. दिवसभर गॅसच्या गाडीवर कामाला होतो, लोकांच्या घरच्या अकरा टाक्या भरल्या.

हाफनरबाई आल्या होत्या. दर बुधवारी त्या नदीपलीकडे बहिणीला भेटायला जातात आणि गुरुवारी आमच्याकडे येतात. आईसाठी आल्याच्या बिस्किटांचा डबा आणतात, निळा, झाकणावर दीपगृह आहे. माझ्यासाठी वेगळी बिस्किटं, कागदी पिशवीत. दोन्ही दिसायला सारखीच. मी एकदा डब्यातलं घ्यायला गेलो तर बाईंनी माझ्या हातावर चापट मारली, शाळेत मारायच्या तशी.

"ती तुझ्या आईची."

"आईला एवढी संपत नाहीत."

"संपतात," आई म्हणाली.

एक गोष्ट काही आठवडे पाहतो आहे, ती नोंदवून ठेवतो. गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी आईचे पाय कमी आखडतात. सोमवारपासून पुन्हा वाईट. हवामानाचा संबंध असावा. पुढच्या आठवड्यापासून तापमानही लिहीन.

२ मे, शनिवार

ठिकाण: गुरांचा लिलाव. वेळ: नऊ ते दोन. सह्या: एकेचाळीस. सगळ्यात चांगला दिवस. मधल्या दिवसांच्या धरून एकूण एकशे अडतीस.

क्राऊस म्हणून एक गुरंवाले आहेत, जाडे, हसरे. त्यांनी सहीसाठी पेन मागायला हात वर केला, तर लिलाववाल्याने ती बोली धरली. नशिबाने पलीकडच्या माणसाने लगेच वाढवली.

"ती कालवड माझ्या गळ्यात पडली असती म्हणजे?" क्राऊस म्हणाले. "बायकोला काय सांगणार होतो? गांजावाल्या पोराला पेन मागितलं, गाय मिळाली?"

बाकड्यावरचे सगळे हसले. त्यांनी पेन घेतलं, कागद वाचला, मग वर बघितलं.

"तू लोर्ना टेशरचा मुलगा ना? तिच्यासाठी चाललंय हे?"

"हो."

"तिने केली का सही?"

मी म्हणालो, अजून नाही. मला खोटं बोलायला जमत नाही, तोंड लाल होतं.

"जिच्यासाठी करायची तीच करत नाही, मग मी कशाला करू?" असं म्हणून त्यांनी पेन परत दिलं. रागाने नाही. पण मागे उभे असलेले दोघेही निघून गेले.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "माझं नाव नको त्या कागदावर."

"का?"

"ते कागद कोणालाही बघता येतात ना?"

मी विचारून आलो होतो. जमा झाल्यावर कोणीही मागून बघू शकतो. तसं सांगितलं.

"मग झालं तर," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला ह्यातलं काहीच कळलं नाही. लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे? आजारी असणं हा गुन्हा नाही.

८ मे, शुक्रवार

राज्याच्या राजधानीतून हाफनरबाईंना फोन आला. तिथे स्वयंसेवक आमच्या कागदांचे फोटो तपासून पाहतात. माझ्या कागदांवर बहुतेकांनी पत्त्याच्या जागी टपालपेटीचा क्रमांक लिहिला आहे, तो चालत नाही. मतदारयादीत राहत्या घराचा पत्ता असतो, तोच हवा.

ह्यात लोकांची चूक नाही. आमच्या गावात टपाल घरी येत नाही, कधीच आलं नाही. सगळे सकाळी पोस्टात जाऊन आपली पेटी उघडतात. कोणालाही पत्ता विचारा, 'पेटी ११८' असंच सांगेल. रस्त्याचं नाव बऱ्याच जणांना आठवावं लागतं.

बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवले. "एकशे एकतीस ओळी अशा आहेत," म्हणाल्या. "बघ काय करता येतं ते."

१० मे, रविवार

मातृदिन. आईला अंडी आणि टोस्ट करून दिले. मग जेवणाच्या टेबलावर बसून कागद नीट केले.

एकाही घरी विचारायला जावं लागलं नाही. पाच वर्षं मी प्रत्येक घरी गॅस पोचवतो आहे. कोणाचं घर कुठल्या रस्त्यावर आहे, टाकी कुठल्या बाजूला आहे, कुत्रा बांधलेला असतो की सुटा, सगळं पाठ आहे. प्रत्येक टपालपेटीवर बारीक सरळ रेघ मारली आणि शेजारी राहत्या घराचा पत्ता लिहिला, छापील अक्षरात. तीन रस्त्यांची नावं जिल्ह्याच्या नकाशावरून तपासून घेतली.

दुपारी चार वाजता संपलं. खूप दिवसांत इतकं समाधान वाटलं नव्हतं. आईला कागद दाखवले. ती म्हणाली, "छापखान्यातून आल्यासारखे दिसतात." बराच वेळ ती कागद बघत होती. मग तिने विचारलं, "हे तुला लिहू देतात?"

मी म्हणालो, पत्ते सगळे बरोबर आहेत.

१४ मे, गुरुवार

तापमान ७१ फॅरनहाइट. आईचे पाय: सकाळी वाईट, बाई येऊन गेल्यावर बरे. वारा दक्षिणेचा.

आज आमच्या घराची वार्षिक तपासणी होती. आमची तीन इमारतींची वसाहत आहे. भाडं आईच्या उत्पन्नाप्रमाणे ठरतं, बाकीचं केंद्राकडून येतं. तपासनीस ट्रुएट आले होते, सभ्य माणूस, बूट दारात काढतात. त्यांनी धुराची घंटा वाजवून पाहिली, नळ उघडून पाहिले. मग स्वयंपाकघरात उभे राहून लिहीत असताना म्हणाले, "आल्याचा वास छान येतोय."

मी डबा उघडून पुढे केला. "घ्या ना, घरी केलेली आहेत."

ते हात पुढे करणार एवढ्यात आईने चालायच्या काठीचा धक्का देऊन डबा पाडला. सगळी बिस्किटं फरशीवर.

"माझे हात," ती म्हणाली. "आज अगदीच ऐकत नाहीत."

ट्रुएट वेचायला वाकले. आई म्हणाली, "राहू द्या, राहू द्या, फरशी पुसलेली नाही." मी आजच सकाळी पुसली होती. तसं म्हणालोही. आईने माझ्याकडे असं का पाहिलं ते मला अजून कळलेलं नाही.

ते गेल्यावर मी बिस्किटं केरात टाकायला निघालो, तर आईने ती एकेक करून परत डब्यात भरून घेतली. म्हणाली, पाच सेकंदांत उचललं तर चालतं. पंधरा मिनिटं झाली होती.

२० मे, बुधवार

मार्चमध्ये मी आमच्या खासदारांना केंद्राच्या कायद्याबद्दल पत्र लिहिलं होतं, दोन पानी, शब्दकोश शेजारी ठेवून. आज उत्तर आलं. जाड कागद, वर सोनेरी शिक्का. 'मक्यापासून इंधन बनवण्याविषयी आपण कळवलेल्या मतांबद्दल मी आपला आभारी आहे.'

माझं पत्र पुन्हा वाचून पाहिलं, प्रत ठेवली आहे. त्यात मका कुठेही नाही.

हाफनरबाई इतक्या हसल्या की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. "जपून ठेव," म्हणाल्या. "मक्याचं काम तरी झालं."

२५ मे, सोमवार

शहीद सैनिकांचा दिवस. ठिकाण: कुठेच नाही. कबरस्तानात सगळा गाव होता, पण बाईंनी कागद आणायचे नाहीत असं बजावलं होतं. मी झेंडे खोचायला मदत केली.

हाफनरबाई नवऱ्याच्या कबरीपाशी उभ्या होत्या. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "शेवटचे सहा आठवडे हा ओरडत होता. मी रोज दोनशे मुलांना जेवायला वाढून घरी यायचे आणि त्याच्या तोंडावर उशी ठेवावी की काय असं मनात यायचं. तेव्हा मला बहिणीचा रस्ता ठाऊक नव्हता."

"बहीण तिथे नंतर राहायला गेली का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला बहीण नाही रे, राजा," म्हणाल्या आणि झेंडा सरळ केला.

बहीण वारली असावी. मला माहीत नव्हतं. कार्ड पाठवायला हवं होतं. पण मग त्या बुधवारी कोणाकडे जातात?

४ जून, गुरुवार

काल आमच्या घराचा भाडेकरार पूर्ण वाचला. बावीस पानं. आईला ह्या वर्षी नवीन प्रतीवर सही करायची आहे आणि न वाचता सही करू नये असं मी लोकांना रोज सांगतो.

पान अकरा. घरात गांजा सापडला किंवा भाडेकरू तो वापरतो असं कळलं तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे घर काढून घेता येतं. राज्यात काहीही कायदा असला तरी. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी.

चार वेळा वाचलं. म्हणजे आम्ही जिंकलो तरी आईला ह्या घरात ते घेता येणार नाही. आणि दुसरं घर आम्हाला परवडणार नाही.

हाफनरबाईंना पान दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच परत दिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मी कशासाठी उभा राहतोय बर्फाच्या पेटीशेजारी?"

"आतला चौकोन आधी," त्या म्हणाल्या. "आत पुरेशी माणसं झाली की बाहेरच्याला धक्के बसतात. मला दुसरा रस्ता माहीत नाही, ऑरिन. तुला माहीत असेल तर सांग, मी गाडी काढते."

आई स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं असणार. गुरुवार असूनही तिने आज डबा उघडला नाही. पाय फार वाईट. तापमान ७४, म्हणजे हवामानाचं माझं गणित चुकतं आहे.

१६ जून, मंगळवार

हे सविस्तर लिहिणार आहे.

एकूण सह्या दोनशे तेहतीस झाल्या होत्या. कागदांच्या मागच्या बाजूला गोळा करणाऱ्याची शपथ असते, ती नोटरीसमोर घ्यावी लागते. गावात नोटरी एकच, विमा कचेरीतले ब्रेनर. ते शाळेत कुस्ती शिकवायचे, म्हणून त्यांना गावात सगळे कोचच म्हणतात. कोच ह्या प्रश्नाच्या विरुद्ध आहेत आणि तसं त्यांनी मला दारातच सांगितलं.

"मी नोव्हेंबरमध्ये नाही म्हणणार आहे. पण शिक्का हा शिक्का असतो. बस. उजवा हात वर."

मी म्हणालो, आधी वाचतो.

"कोणी वाचत नाही."

"मी वाचतो, कोच."

"तू शाळेत नियमांचं पुस्तक वाचत बसायचास आणि तोवर समोरचा तुला पाडायचा."

मी मोठ्याने वाचलं. प्रत्येक सही माझ्यासमोर झाली. हो. मी कोणाला पैसे दिले नाहीत. हो. प्रत्येक ओळीतला मजकूर सही करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

तिथे थांबलो.

कोच म्हणाले, "काय झालं? सूप गार होतंय माझं."

"पत्ते मी लिहिलेत."

"किती?"

"एकशे एकतीस."

कोचनी कागद उलटून पाहिले. एकसारखं छापील अक्षर, पानामागून पान. ते खुर्ची फिरवून खिडकीकडे वळले. "मी आत्ता बाहेर बघत होतो," म्हणाले. "काही ऐकलं नाही. तुला सही करायची असेल तर कर, मी शिक्का मारतो. नसेल तर दार तिकडे आहे."

पेन हातात होतं. मनात आलं, पत्ते सगळे बरोबर आहेत, एकही खोटा नाही. मनात आलं की एकशे एकतीस गेले तर एकशे दोन उरतात, आणि दोन आठवडेच आहेत. आईचं आलं. मग हेही आलं की जिंकूनही आईला ते घेता येईल असं घर आहेच कुठे, मग एवढा जीव कशासाठी तोडतोय. सगळं एकदमच आलं, काही क्रमाने नाही. किती वेळ बसलो होतो ते माहीत नाही. कोचनी मागे वळून पाहिलं नाही.

शेवटी मी त्यांची पट्टी मागितली आणि एकशे एकतीस ओळींवर एकेक रेघ मारली. सरळ मारल्या. कोचचं सूप गार झालं. उरलेल्या ओळींसाठी मी हात वर केला आणि त्यांनी शिक्का मारला.

दारात असताना म्हणाले, "टेशर."

"हो, कोच?"

"पडलास. पण पाठ टेकली नाही."

म्हणजे काय ते विचारायचं राहिलं.

१७ जून, बुधवार

हाफनरबाईंना सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. बराच वेळ मळतच राहिल्या.

"बघ काय करता येतं ते, असं मीच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तुला. तुला असं म्हणायला नको होतं." मग पिठाच्या हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडताहेत, पण हसत होत्या. किंवा दोन्ही. "दुसऱ्या कोणी केलं असतं तर अक्षर तरी वाईट असतं, लक्षात आलं असतं मला."

आज त्या नदीपलीकडे गेल्या नाहीत. तो वेळ माझ्याबरोबर दारोदार फिरल्या.

२१ जून, रविवार

ठिकाण: घरोघर. वेळ: बारा ते आठ. सह्या: सव्वीस, सगळ्या दुसऱ्यांदा.

लोक वैतागतात, ते बरोबरच आहे.

"मागच्या महिन्यात केली ती काय पुसली?"

"मी खोडली. पत्ता तुम्ही लिहायला हवा होता, मी लिहिला."

"बरोबर लिहिला होतास का?"

"हो."

"मग?"

ह्या 'मग'वर मी कागद पुढे धरतो. काही जण करतात. स्टीगर आजोबांनी दार लावून घेतलं. एका बाईंना स्वतःच्या रस्त्याचं नाव आठवेना, त्या मला विचारत होत्या आणि मी गप्प उभा होतो. मला येत होतं. शेवटी त्यांनी गॅसच्या जुन्या पावतीवर शोधलं. ती पावती माझ्याच अक्षरातली होती.

२७ जून, शनिवार

ठिकाण: गुरांचा लिलाव. सह्या: एकोणीस.

क्राऊस पुन्हा भेटले. पुन्हा तेच विचारलं, ह्या वेळी हळू आवाजात. "आईने केली?"

"नाही. घर केंद्राच्या पैशावर आहे. नाव दिसलं तर चौकशी होईल अशी भीती तिला वाटते." हे बोलताना माझं मलाच पहिल्यांदा समजलं. म्हणजे भीती समजली. चौकशीत सापडण्यासारखं घरात काय आहे, हे कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

क्राऊसनी टोपी मागे सरकवली. "मग तिला नको करायला सांगूस," म्हणाले. "आण इकडे." त्यांनी पत्ता लिहायला बराच वेळ घेतला. पूर्ण पत्ता, मैलाच्या दगडासकट. बाकड्यावरच्यांना म्हणाले, "हात वर करू नका रे, नाहीतर गाय मिळेल."

घरी येऊन आईला हे सांगितलं, क्राऊस काय म्हणाले तेही. ती म्हणाली, "किती दिवस उरलेत?"

"सहा. तीन तारखेपर्यंत."

"म्हणजे मध्ये एक गुरुवार आहे."

गुरुवारचं काय ते तिने सांगितलं नाही.

३० जून, मंगळवार

एकूण दोनशे एकोणीस. राजधानीतून सांगतात की तपासणीत दहा-बारा तरी जातात. म्हणजे पुरतील की नाही ते कोणालाच माहीत नाही. आई आज पलंगावरून उठली नाही. चमचा दोनदा पडला.

२ जुलै, गुरुवार

तापमान ८८. वारा नाही. हवामानाची नोंद आजपासून बंद करतो.

हाफनरबाई काल गेल्या होत्या. सकाळी डबा घेऊन आल्या, मला कागदी पिशवी दिली, आणि आज बसल्या नाहीत.

आई दोन तास खुर्चीत बसून राहिली. मग हात पुढे धरून बघितले, एक, मग दुसरा. म्हणाली, "आण तो कागद."

"आई, तुला करायलाच हवी असं नाही. क्राऊससुद्धा म्हणाले..."

"माझ्या घराचं भाडं क्राऊस भरतात का? आण."

"ट्रुएट बघू शकतात."

"बघू दे. दोनशे लोकांना तू त्यांच्या घराचा पत्ता लिहायला लावलास. मला घर नाही का?"

मी कागद टेबलावर ठेवला, कोपऱ्यावर मिठाची बाटली ठेवली म्हणजे सरकणार नाही. पेन दिलं. तिने नाव लिहायला घेतलं. पहिलं अक्षर रेघेच्या बाहेर गेलं. मतदारयादीतली तिची सही आजारपणाआधीची आहे, ही तिच्याशी जुळेल की नाही मला माहीत नाही. 'टेशर' लिहिताना पेन दोनदा थांबलं. माझा हात आपोआप पुढे गेला. तो मी मागे घेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

पत्त्याच्या जागी तिने टपालपेटी लिहिली नाही. इमारत तीन, घर सात. रस्त्याचं पूर्ण नाव. मग तारीख.

पेन खाली ठेवून म्हणाली, "वाचता येतंय का?"

"हो."

"तू काही लिहायचं नाहीस."

"नाही."

तीन वाजता कोचकडे गेलो. त्यांनी शिक्का मारायच्या आधी शेवटच्या पानावरची शेवटची ओळ बघितली, आणि माझ्याकडे बघितलं. "उजवा हात वर," म्हणाले. ह्या वेळी मी वाचत असताना त्यांनी घाई केली नाही.

घरी आल्यावर डबा टेबलावरून उचलला आणि ओट्सच्या खोक्यामागे ठेवला. वरच्या फळीवर कोणाला दिसला नसता, पण तिथे आईचा हात पोचत नाही, म्हणून खालच्या.

ठिकाण: स्वयंपाकघर. वेळ: अकरा वाजून दहा ते अकरा वाजून एकोणीस. सह्या: एक. माझ्यासमोर झाली.